सोमोएच्या हातचा दोरा

सिवेमा नऊ वर्षांची असताना तिने आपल्या धाकट्या भावाला पाठीवर बांधून मिशनच्या दवाखान्यापर्यंतची अर्धी वाट चालून काढली होती. उरलेली अर्धी आईने. भावाचं नाव साइदी, वय अडीच. त्याचे डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती आणि अंग असं तापलं होतं की सिवेमाची पाठ भाजत होती. दवाखान्यातल्या नर्सने त्याला सुई टोचली आणि थोड्याच वेळात तो गेला. परत येताना आईने त्याला एकटीनेच उचललं. सिवेमाने दोनदा हात पुढे केले, पण आईने त्याला दिला नाही.

"दार उघडंच होतं," एवढंच आई म्हणाली. "त्यात त्यांनी भोक पाडलं."

क्वेझिंगा गावात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोराला अशी आकडी येते तो नुसता ताप नव्हे. वरून एक पक्षी उडत जातो, त्याची सावली पोरावर पडते, आणि तो पक्षी पोराचा जीव ओढत ओढत पार कातडीखाली आणून ठेवतो. अशा वेळी कुणी सुई टोचली तर त्या भोकातून जीव निघून जातो. त्या पक्ष्याचं नाव घरात कुणी घेत नसे. 'सावली पडली' म्हणायचं. आईने रडायचं नाही, धावायचं नाही. पोराला जाणत्या बाईकडे न्यायचं, तिने पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालायचं आणि डाव्या दंडाला तीन गाठींचा काळा दोरा बांधायचा. दोरा बांधला की दार लागलं.

सिवेमा नर्स झाली ती या भावापायी. "त्या सुईत काय असतं ते मला बघायचं होतं," असं ती नंतर सांगे. सुईत औषध होतं, दुसरं काही नव्हतं. डासाच्या तापाचं विष पोराच्या मेंदूत गेलं होतं आणि औषध उशिरा पोचलं होतं. हे कळलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. सुट्टीला घरी आल्यावर तिने हे आईला समजावून सांगितलं. आई नारळ खवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांनी आधी का नाही सांगितलं, की उशीर झालाय? टोचलं कशाला?"



तेविसाव्या वर्षी तिची नेमणूक गावातच झाली. दोन खोल्यांचा दवाखाना, समोर आंब्याचं झाड, झाडाखाली एक बाकडं. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा. लग्न झालं, मुलगी झाली, तुनू. नवरा बंदरावर कामाला गेला आणि तिकडचाच झाला. सिवेमा मात्र दवाखान्यात पुढची वीस वर्षं आयांना शिव्या देत राहिली.

"आत्ता आणता? आत्ता? लाकूड झाल्यावर? दोन दिवस काय त्या म्हातारीच्या अंगणात पाला उकळत होतात?"

बाया मान खाली घालून ऐकायच्या. पुढच्या खेपेला आणखी उशिरा यायच्या, किंवा यायच्याच नाहीत. रजिस्टरात एक रकाना होता, 'आल्यानंतर किती वेळात मृत्यू'. सिवेमाच्या हातून तो इतक्या वेळा भरला गेला की तिला स्वतःचं अक्षर नकोसं झालं होतं. तिला एकच हवं होतं. पोर वेळेत दारात यावं. बाकी ती बघून घेईल.

ती त्रेचाळीस वर्षांची असताना शहरातल्या नर्सिंग कॉलेजातून गौडेन्शिया मॅडम आल्या. त्या पार मोठ्या सरोवराकडच्या, त्यांना इथली झिगुआ बोली येत नव्हती. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत आठ कोऱ्या वह्या. आया पोरांना उशिरा का आणतात, हे त्यांना आयांच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी त्या तीन महिने गावात राहणार होत्या आणि सिवेमाने दुभाषी व्हायचं होतं.

"त्यात ऐकण्यासारखं काय आहे?" सिवेमा म्हणाली. "अडाणी आहेत म्हणून."

"हे लिहून घेऊ?" मॅडमनी विचारलं, आणि खरंच लिहून घेतलं.

मग त्यांनी अट सांगितली. तीन महिने कुणालाही चूक म्हणायचं नाही. विचारायचं, ऐकायचं, लिहायचं.

"आणि समोर पोर तडफडत असलं तर?"

"तर तुम्ही नर्स आहात. वही खाली ठेवायची."

सिवेमाला पहिले पंधरा दिवस जड गेले. बाई सांगे की सावली पडली तेव्हा मी पोराला धुरावर धरलं, आणि सिवेमाला ते जसंच्या तसं मॅडमना सांगावं लागे. पण हळूहळू तिला एक गोष्ट लक्षात आली. या बाया तिला गेली वीस वर्षं ओळखत होत्या आणि त्यांच्यापैकी एकीलाही तिने कधी 'मग पुढे काय झालं?' असं विचारलं नव्हतं.

शेवटी त्या दोघी सोमोएकडे गेल्या. सोमोए म्हणजे सिवेमाच्या आईची मावशी, नात्याने आजी. गावात दोरा बांधणारी तीच. ती अंगणात बसून कसावा सोलत होती. इकडे आजी नातीला थट्टेने सवत म्हणते.

"या सवतीबाई," सोमोए म्हणाली. "वीस वर्षं लोकांपुढे माझ्या नावाने बोटं मोडलीस, आज वही घेऊन आलीस? मी मेले की काय?"

"अजून नाही, आजी."

"मग ही बुटवाली कोण? पुरायला आली का?"

सिवेमाने मॅडमना हे भाषांतर करून सांगितलं नाही. मॅडमनी मात्र हसून खाली बैठक मारली, एक कसावा उचलला आणि सोलायला लागल्या. इतकं वाईट सोललं की सोमोएने तो काढून घेतला. "हिच्या नवऱ्याला सालंच खावी लागत असतील," ती म्हणाली, आणि मग बोलायला लागली.

तिने सगळं सांगितलं. पक्ष्याचं, सावलीचं, पाल्याचं. दोरा तीन पदरी, कापसाचा, गाबाच्या झाडाच्या सालीत काळा केलेला. मधल्या गाठीत एका मुळीचा तुकडा, बोटांच्या चिमटीत मावेल एवढा. प्रत्येक गाठीवर फुंकर. न्हाणं सकाळपासून दुपारपर्यंत. मॅडम एकेक गोष्ट विचारत होत्या, सिवेमा बोली बदलत होती, आणि मधेच मॅडमनी सहज विचारलं, "दार लागल्यानंतर सुई चालते?"

सिवेमाने विचारलं. सोमोएने सुरी थांबवली.

"चालते की. दार लागल्यावर सुई टोचा नाहीतर भाला मारा. जीव आत असतो."

"मग हे तू कधीच का सांगितलं नाहीस?" सिवेमा वही विसरून ओरडली.

"तू कधी विचारलंस?"

त्या दिवशी घरी येताना सिवेमा वाटेत एका दगडावर बसून राहिली.  तिच्या डोळ्यांपुढे तो रकाना होता. वीस वर्षांचा.

त्यानंतर काही वर्षं क्वेझिंगात जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. सिवेमाने सोमोएच्या मिनतवाऱ्या केल्या, की आजी, न्हाणं आखूड कर, मक्याच्या पिठाची उगाली शिजायला लागतो तेवढ्या वेळात उरक, आणि दोरा बांधून पोराला लगेच माझ्याकडे पाठव. सोमोए आठ दिवस फुगून बसली. मग कबूल झाली, पण अट घालून.

"माझ्या दोऱ्याशिवाय आलेल्या पोराला तू सुई टोचायची नाहीस. आधी माझ्याकडे धाडायचं. गावासमोर सांग."

नर्सने असा शब्द द्यायचा नसतो. सिवेमाने दिला. शुक्रवारच्या नमाजानंतर, आंब्याच्या झाडाखाली, बायांसमोर दिला. आणि पोरं यायला लागली. दंडाला ओला काळा दोरा, अंगाला पाल्याचा वास, ताप चढलेला, पण जिवंत. बाया दोऱ्याचा दंड पुढे करायच्या, सिवेमा दुसऱ्या बाजूच्या मांडीत सुई द्यायची. पहिल्या वर्षी त्या रकान्यात दोनच नोंदी झाल्या. दुसऱ्या वर्षी एक. सोमोए कधीमधी बाकड्यावर येऊन बसायची आणि सुई टोचलेल्या पोराच्या आईला म्हणायची, "निम्मं मी केलं, निम्मं हिने. हिला पगार आहे, मला कोंबडी आण."

मॅडमचा अहवाल छापून आला. त्यात एक सबंध प्रकरण दोऱ्यावर होतं. सिवेमाला शहरात बोलावून पंचवीस नर्सांपुढे उभं केलं. तिला बोलता आलं नाही फारसं. ती म्हणाली, "आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. आता विचारलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण सोमोए म्हातारी होत होती. तिला मुळी दिसेना, हाताने चाचपून घ्यायची. सिवेमा तिला म्हणायची, आजी, कुणाला तरी शिकव. सोमोए म्हणायची, कुणाला शिकवायचं ते मी ठरवत नाही, मला स्वप्नात दाखवतात. आणि एक दिवस ती स्वतःच दवाखान्यात आली, काठी टेकत.

"दाखवलं," ती म्हणाली. "तुझी तुनू."

तुनू तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसायची होती. सिवेमाच्या मनात तिच्यासाठी पांढरा गणवेश होता, खिशाला अडकवलेलं पेन होतं.

"आजी, ती नर्स होणार आहे."

"नर्स तू आहेस ना. एक घरात पुरे."

"माझी मुलगी दोरे वळत बसणार नाही," सिवेमा म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. सोमोए तिच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण दात न दाखवता. "म्हणजे वही बंद झाली तर," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. नंतरही ती दोरे बांधत राहिली, सिवेमाशी थट्टाही करत राहिली, पण सवत म्हणाली नाही पुन्हा.

तुनू परीक्षेत नापास झाली. दोन वर्षांनी तिचं गावातच लग्न झालं, मग मुलगी झाली. रिझिकी.

सोमोए काजूच्या मोसमात गेली. अंगणात बसल्या बसल्या. चाळिसावा होईपर्यंत तिच्या टोपलीला कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज. टोपली छताला टांगून ठेवली. नवी बाई कुणाला दाखवली असेल तर ती चाळिसाव्यानंतर पुढे येणार. सिवेमा दिवस मोजत होती. देवा, एवढे चाळीस दिवस कुठल्या पोरावर सावली पडू देऊ नकोस, असं ती मनात म्हणे. पक्ष्यावर विश्वास नसलेली बाई हे म्हणत होती.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी सिकुधानी आली. तिचा मुलगा बकारी, तीन वर्षांचा. त्याचे डोळे वर, टाचा ताठ, तोंडाच्या कडेला फेस. सिकुधानी काल सकाळपासून गावोगाव दोरा बांधणारी शोधत फिरली होती. नदीपलीकडे एक आहे म्हणतात, तिथवर जाण्याची ताकद पायांत उरली नाही म्हणून इथे आली होती.

"सुई नको," ती आल्या आल्या म्हणाली. "नर्सबाई, तुझ्या पाया पडते, सुई नको. दुसरं काहीही दे. दार उघडं आहे."

आकडी थांबवायचं औषध खालून, गुदद्वारातून देता येत होतं, ते सिवेमाने दिलं. तापावरची तशीच खालून द्यायची गोळीही असते. तिचा डबा दीड महिन्यापासून रिकामा होता. जिल्ह्याला तीन पत्रं गेली होती. कपाटात होती फक्त सुई.

"सिकुधानी, ऐक माझं. सुई दिली नाही तर पोर जाईल."

"दिली तर आत्ता जाईल. तूच शब्द दिलायस. सगळ्यांसमोर दिलायस. दोऱ्याशिवाय नाही."

बकारीचा श्वास खरखरत होता. सिवेमाने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिची पाठ भाजली. खरोखर भाजली, नऊ वर्षांच्या मुलीची भाजली होती तशी.

ती आतल्या खोलीत गेली. टाके घालायच्या डब्यातून काळा रेशमी दोरा काढला, तीन पदर केले, वळले. तीन गाठी मारल्या. मुळी नव्हती. फुंकरही घातली नाही, लाज वाटली. बाहेर येऊन ती म्हणाली, "सोमोएआजीने जाण्याआधी एक माझ्याकडे ठेवून दिला होता. अडीनडीला म्हणून."

सिकुधानीने दोरा बघितला. मग ती पहिल्यांदा रडली, हुंदके देऊन, आणि तिने मुलाचा डावा दंड पुढे केला. सिवेमाने दोरा बांधला. उजव्या मांडीत सुई दिली. तासाभरात बकारीची आकडी पूर्ण थांबली, हातपाय सैल झाले. सिकुधानी त्याच्या तळव्यांचे मुके घेत होती. "दार लागलं," ती म्हणत होती, "लागलं गं बाई दार." सिवेमाला ठाऊक होतं, पोर कालपासून तापात आहे, फार उशीर झालाय. स्वतःच्या आईचं वाक्य तिला आठवत होतं: मग त्यांनी आधी का नाही सांगितलं? ती सांगणार होती. पण सिकुधानी इतकी हसत होती, की सिवेमा पाणी आणायला म्हणून उठली.

ऊन उतरायच्या आत बकारी गेला.

पोराच्या मयताला न्हाऊ घालताना दंडावरचा दोरा वडीलधाऱ्या बाईने सोडायचा असतो. तो बरोबर पुरतात. हे काम झुवेनाने केलं. झुवेना सिवेमाच्या वयाची, लहानपणी दोघी एकत्र सरपण वेचायच्या. तिने मधली गाठ चिमटीत धरली. गाठ पोकळ होती. दोरा गुळगुळीत होता, आणि त्याला पाल्याचा नव्हे, दवाखान्याचा वास होता. झुवेनाने आपली टाच उचलून बघितली. दोन वर्षांपूर्वी कुदळ लागून ती फाटली होती आणि सिवेमाने सात टाके घालून शिवली होती. तिने तो दोरा तेव्हा दहा दिवस रोज बघितला होता.

ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आली. बाकड्यावर बसली नाही. अंगावर गुंडाळलेल्या कांग्याच्या टोकाची गाठ सोडून तिने दोरा टेबलावर ठेवला.

"हा तुझा."

सिवेमाने रजिस्टर मिटलं.

"सुई टोचलीस त्याचा मला राग नाही," झुवेना म्हणाली. "सुई तुझं काम. पोरं मरतात, सोमोएच्या हातचीही मरायची. पण दोरा तुझं काम नव्हतं, तुनूची आई."

"मला पोर वाचवायचं होतं, झुवेना."

"आणि वाचलं असतं तर? पुढच्यालाही असाच बांधला असतास. त्याच्या पुढच्यालाही. आम्ही बाया दंड पुढे करत राहिलो असतो." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "ती मॅडम आलेली तेव्हा तू माझ्या अंगणात बसून विचारत होतीस ना, दोऱ्यात काय असतं, गाठ कशी मारता? मी म्हटलं, चला, हिला एकदाची आमची गोष्ट कळावीशी वाटतेय. तुला दोरा करायला शिकायचं होतं होय."

"नाही गं. तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

सिवेमाने टेबलावरचा दोरा उचलला. झुवेना गेली.

गावात कुणी भांडायला आलं नाही. दगड मारले नाहीत, तक्रार केली नाही. चाळिसावा झाला, सोमोएची टोपली उतरवली, आणि कुणीच पुढे आलं नाही. टोपली तिच्याच कबरीशेजारी पुरून टाकली. पोटदुखीला, जखमेला, बाळंतपणाला बाया दवाखान्यात येत राहिल्या. 'कशी आहेस', 'पाणी आलं का विहिरीला' सगळं बोलत राहिल्या. पण सावली पडलेलं पोर एकही आलं नाही. ती पोरं आता नदीपलीकडच्या बाईकडे जात. अर्ध्या दिवसाची वाट. ती पूर्ण दिवस न्हाऊ घाले आणि दवाखान्याकडे कुणाला पाठवत नसे. रजिस्टरातला तो रकाना आता कोरा राहायला लागला. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "वा, सिस्टर, एकही नाही? उत्तम काम."

सिवेमाने गौडेन्शिया मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, टाक्याच्या दोऱ्यासकट. 

"सिवेमा, हे लिहून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "सगळं, क्रमाने. हे फार महत्त्वाचं आहे."

"लिहून ठेवते. पण मॅडम, मी आता काय करू?"

"जा त्यांच्याकडे. बसा. परत विचारायला सुरुवात करा."

"मी विचारलं की आता त्या सांगत नाहीत."

मॅडम म्हणाल्या, मी येऊन जाईन. त्या दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कामावर होत्या. आल्या नाहीत. येऊनही काय केलं असतं, असं सिवेमालाच नंतर वाटलं.

रिझिकी दोन वर्षांची झाली. आजीला बघून टाळ्या वाजवायची, 'बीबी, बीबी', म्हणजे आजी, आजी, म्हणत गुडघ्याला मिठी मारायची. सिवेमा रोज संध्याकाळी लेकीच्या घरी जाऊन आधी नातीच्या कपाळाला हात लावायची, मग बसायची. तुनू चिडायची. "आई, ती काय तुझी पेशंट आहे?"

एका सकाळी दहाच्या सुमारास सिवेमा दारात उभी होती आणि तिला रस्त्याने तुनू जाताना दिसली. पुढे तिची सासू. तुनूच्या पाठीवर कांग्यात बांधलेली रिझिकी, डोक्यावरून कापड ओढलेलं. बाहेर लोंबणारा पाय ताठ होता. टाच ताठ होती.

सिवेमा धावली. धावायचं नसतं, ते विसरून धावली.

"तुनू! थांब! इकडे आण तिला!"

"आई, ओरडू नकोस. हात लावू नकोस."

"नुसतं बघू दे. सुई नाही देणार. आकडीचं औषध तरी देते, खालून देते. आई शपथ, सुई नाही."

"बकारीच्या आईलाही तू शपथेवरच सांगितलं असशील."

सासू पुढे जाऊन थांबली होती. ती पाठ करून उभी राहिली, माय-लेकींना बोलू दिलं. सिवेमाने तो लोंबणारा पाय धरला. निखारा होता.

"तुनू, मी तुझी आई आहे."

"म्हणूनच तर विचारते." तुनू रडत नव्हती, रडायचं नसतं म्हणून. "खरं सांग. सोमोएआजीने तुझ्याकडे एखादा तरी दोरा ठेवलाय का? खरा? असेल तर आत्ता बांध. मी आत येते. तुला काय टोचायचं ते टोच."

हो म्हणणं सोपं होतं. आतल्या खोलीत डबा होता. एक शब्द आणि दहा पावलं. सिवेमाने लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे काही नाही."

तुनूने मान हलवली. "तिने मला शिकवायचं म्हटलं होतं. तू नाही म्हणालीस. मला परस्पर कळलं होतं, आई. मी शिकले असते तर आज माझ्या पोरीला मीच बांधला असता आणि धावत तुझ्याकडे आणली असती."

ती निघाली. सिवेमाने दवाखान्याला कुलूप लावलं, औषधाची भुकटी, ती विरघळवायचं पाणी आणि सुई पिशवीत टाकली आणि मागे मागे चालू लागली. पन्नास पावलं ठेवून. पलीकडच्या बाईच्या अंगणात नर्सला जागा नव्हती. ती कुंपणाबाहेर बाओबाबच्या बुंध्याशी बसली. औषध एकदा विरघळवलं की तासाभरात द्यावं लागतं, म्हणून ती ते विरघळवत नव्हती. आतून पाणी ओतल्याचा आवाज येई, मधेच नातीचं कण्हणं. दुपार झाली. एक बाई पाला टाकायला बाहेर आली, सिवेमाला बघितलं, आत गेली. कुणी हाक मारली नाही. दिवस बुडायला आला तेव्हाही सुई पिशवीतच होती.

रिझिकी जगली. तिसऱ्या दिवशी तुनूने तिला दंडाला बांधलेल्या दोऱ्यासकट घरी आणलं. गावभर झालं, बघा, सुईशिवाय जगली. झुवेनासुद्धा बघायला आली आणि सिवेमाशी शेजारी बसून बोलली. पण रिझिकीची मान टिकत नव्हती. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. बीबी म्हणत नव्हती. बाया म्हणाल्या, सावली हळूहळू उतरते. सिवेमाने अशी तीन पोरं पाहिली होती. ती उतरत नाही, हे तिला ठाऊक होतं. लवकर औषध मिळालं असतं तर कदाचित... पण हे ती कुणाजवळ बोलली नाही. बोलून आता कुणाचं पोर वेळेत येणार होतं?

तुनूने तिला एक गोष्ट करू दिली. रोज दवाखाना बंद झाला की सिवेमा येते, अंगणात चटई टाकते, नातीला मांडीवर घेते आणि खोबरेल तेल लावून तिचे हातपाय चोळते. आखडू नयेत म्हणून. नाव घेऊन, गाणं म्हणत चोळते. रिझिकी आता चार वर्षांची होईल. लाळ पुसावी लागते.

परवा तुनू तांदूळ निवडत समोर बसली होती. निवडता निवडता हात थांबले.

"आई, ही बोलेल का गं कधी?"

सिवेमा चोळत राहिली.

"बकारीच्या आईशी खोटं बोललीस," तुनू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं मागणं होतं. "दुसऱ्याच्या पोरासाठी बोललीस. माझ्यासाठी बोल ना एकदा."

सिवेमाने तोंड उघडलं. त्या दुपारी जे इतकं सहज आलं होतं ते आलं नाही.

"रोज चोळलं तर पाय सैल राहतील," ती म्हणाली.

तुनूने सूप उचललं आणि आत गेली. सिवेमाने तेलाची वाटी जवळ ओढली, नातीला दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि दुसरा पाय घेतला.